ग्रिड हीटर (24 व्होल्ट), एक हिवाळा वापरल्यानंतर : बॅटऱ्या बदलण्याआधी रिले बघा

ग्रिड हीटर म्हणजे थंडीत डिझेल इंजिनात जाणारी हवा तापवणारी पट्टी; तिचा करंट चालू-बंद करणारा स्विच म्हणजे रिले. सोपोर–वाशी सफरचंदाच्या भाड्यावरची गाडी काश्मीरमधल्या काझीगुंडला पहाटे सेल्फ मारूनही उठेना, उठली तर पांढरा धूर. वर्कशॉपचं उत्तर एकच : दोन्ही बॅटऱ्या बदला. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. दोष निघाला हीटरच्या रिलेवरच्या काळ्या पडलेल्या लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडात. साध्या मल्टिमीटरने सापडणाऱ्या दोषासाठी एवढं बिल सांगणं संतापजनक आहे.

2 किलोवॉटचा हीटर 80 अँपिअरच्या वर ओढतो. एवढ्या करंटला जोडात अर्धा व्होल्ट जरी पडला, तरी त्या एका टोकावर 40 वॉट उष्णता तयार होते. लग तापतो, काळा पडतो, मग आणखी तापतो.

इंजिन थंड असताना चावी ऑन करा. हीटरचा दिवा लागलेला असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं हीटरच्या स्टडला (वायर बसते त्या बोल्टला) लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड खराब. मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा, हीटर बसवलेला भाग) ते बॅटरी मायनस हेही असंच बघा. ओहमवर मोजू नका. हीटरचा रोध जेमतेम 0.3 ओहम, मीटरच्या वायरींचाच जवळपास तेवढा भरतो. हवा साधारण 15 अंशांच्या वर असली की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) हीटर लावतच नाही, म्हणून नाशकात दुपारी तपासून ‘ओके’ लिहिण्याला अर्थ नाही. निफाडला डिसेंबरच्या पहाटे जमेल.

साफ करताना आधी बॅटरीचा मायनस काढा, लग पॉलिश पेपरने घासा, आतला नट दुसऱ्या पान्याने धरूनच बाहेरचा आवळा. स्टड फिरला तर आतला जोड सैल होतो.

गाडी सुरू झाल्यावर हेडलाइट ठरावीक अंतराने मंदावतात, ते आधी अल्टरनेटरचं दुखणं वाटलं होतं. तसं नाही, हीटर चालू-बंद होत राहतो आणि धूर त्यानेच लवकर थांबतो. आता हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो. आत जाणारी हवा 10 अंशांनी तापली, तर सिलिंडरमध्ये दाबल्यावर ती साधारण 20 अंशांनी जास्त गरम होते.

टाकीतलं डिझेल गोठलं असेल तर मात्र हीटर निरुपयोगी. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं, ते त्यासाठीच. आणि हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा (इंजिन चटकन उठावं म्हणून मारतात तो, पटकन पेटणारा) स्प्रे कधीच मारू नका. मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो.

चावी काढून थोडा वेळ गेल्यावरही स्टडवर 24 व्होल्ट दिसले, तर रिले चिकटला आहे. ताबडतोब मायनस काढा. तसाच राहिला तर पट्टी लाल होऊन तुटते आणि तुकडा थेट सिलिंडरमध्ये जातो.