पुश-फिट फिटिंग सोडवताना: सी-क्लिप की पक्कडीसारखे टूल?

पुश-फिट फिटिंग म्हणजे पाइप नुसता आत ढकलून बसवायचा जोड; आतले दात पाइप धरून ठेवतात. फिटिंगच्या तोंडाशी असलेली कॉलर (सरकणारी कडी) आत दाबली की दातांची पकड सुटते. दोन्ही टूल तेवढंच काम करतात. फरक पडतो तो जागेचा आणि हाताच्या जोराचा.

पाइपवर अडकवायची, C आकाराची प्लास्टिकची सी-क्लिप स्वस्त, खिशात मावणारी. मात्र ती पाइपच्या मापाचीच हवी: १५ मिमीची क्लिप २२ मिमीच्या पाइपवर बसतच नाही. सैल क्लिप कॉलर एकाच बाजूने दाबते, दुसऱ्या बाजूचे दात रुततात आणि ओढाल तितका पाइप घट्ट होतो. बोटांनी कॉलर दाबल्यावर नेमकं हेच होतं. शिवाय एक हात क्लिपवर, दुसरा पाइपवर लागतो. भिंतीलगत किंवा सिंकखाली ते जमेलच असं नाही.

पक्कडीसारख्या टूलचा एक जबडा फिटिंगच्या अंगाला टेकतो, दुसरा कॉलर दाबतो. मूठ आवळली की झालं. जुन्या, क्षार साचलेल्या जोडांवर आम्ही हेच वापरा म्हणू. अर्थात दोन्ही जबडे शिरण्याइतकी जागा हवी.

कोणतंही टूल घ्या, आधी पाणी बंद करून नळ उघडा, दाब उतरू द्या. कॉलरवर लॉकिंग क्लिप (कॉलर आत जाऊ न देणारी) असेल तर ती काढा. मग पाइप आधी *आत* ढकला, कॉलर दाबून धरा आणि सरळ ओढा. वाकडा ओढलात तर दात पाइपवर चरे पाडतात. चरे ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) जागी आले की गळती ठरलेली. पुन्हा जोडण्यापूर्वी तेवढा तुकडा पाइप कटरने काटकोनात कापा.