कोटेड बास तारा : मिरग ते आंगणेवाडी

मालवणात राहतो, समुद्र चालत पाच मिनिटांवर. खिडकीचे गज जिथे दोन पावसाळे धड काढत नाहीत, तिथे बास गिटारच्या तारांचं काय घेऊन बसलात! साध्या निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेची गुंडाळी असलेल्या) तारा पावसात माझ्याकडे जेमतेम सहा आठवडे टिकायच्या. मग बोटांना लोखंडाचा वास आणि ई तारेचा नुसता 'धप्प'. म्हणून गेल्या मिरगाच्या तोंडावर ४५-१०५ जाडीचा (बारीक ते जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागांत) कोटेड, म्हणजे वरून पातळ थर दिलेला, सेट चढवला. किंमत साध्याच्या दुपटीहून थोडी वर. ब्रँडवरून वाद नकोत, नाव लिहीत नाही.

वापर म्हणजे रोज तासभर रियाज, शिवाय ऑर्केस्ट्रा: गणपती, नवरात्र, मग लग्नसराईतल्या हळदी. बोटांनीच वाजवतो, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) क्वचित.

सुरुवातीला आवडल्या नाहीत. हाताला साबण लागल्यासारख्या गुळगुळीत, आणि नव्या तारांची खणखण जरा दबलेली. पण दसऱ्यापर्यंत तो पहिल्या दिवसाचा आवाज जवळपास हललाच नाही. माझी समजूत होती की तारा गंजाने मरतात. खरं तर त्याआधी मळ मारतो. घाम, तेल, कातडीची भुकटी गुंडाळीच्या फटींत बसते, तार जागोजागी कमी-जास्त जड होते आणि वरचे स्वर आधी जातात. ४१ हर्ट्झचा मूळ ई ऐकू येतो, पण त्याला धार राहत नाही. माझ्या सेटमध्ये कोटिंग गुंडाळीच्या वरून आहे, त्यामुळे फटीच झाकल्या जातात.

दिवाळीनंतर पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकाच्या) वर, जिथे बोटं पडतात तिथे, ए आणि डी तारेवर पांढरे धागे सुटायला लागले, सावरीच्या कापसासारखे. आवाजात फरक शून्य. मी शहाणपणा करून एक धागा ओढला, तो सोलतच गेला आणि दोन बोटं तार उघडी पडली. महिन्याभरात तेवढाच तुकडा काळवंडला, शेजारची तार लख्ख. कोटिंग काय काम करतं याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता, पण धागे ओढू नका.

फ्रेटपुढे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपुढे, मात्र कोटिंगचं काही चालत नाही. पाचव्या-सातव्या फ्रेटवर तारेला खालून खाचा पडल्या. जानेवारीत बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) सुरात आणि तिथेच दाबलेला स्वर चढा, असं व्हायला लागलं. सॅडल, म्हणजे गिटारच्या बुडाशी ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, मागे घ्यावं म्हणून स्क्रू-ड्रायव्हर लावला, तर स्क्रू गंजून बसलेले. एकाचं डोकंच झिजलं. पूर्वी दर दीड महिन्याने तारा बदलताना ब्रिज पुसला जायचा, थेंबभर तेल पडायचं. तारा टिकल्या आणि ब्रिजकडे आठ महिने कोणी बघितलंच नाही.

आंगणेवाडीच्या जत्रेआधी कीबोर्डवाल्याने विचारलं, "तुझो बास खय गेलो रे?" त्याच रात्री उतरवल्या. एवढ्या काळात साधे पाच सेट गेले असते, म्हणजे पैसे वसूल. फ्लॅटवाउंडवाले (चपट्या गुंडाळीच्या तारा वापरणारे) हसतील, मोटाऊनचा बासवादक जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात. त्याला तो गोल, बुजरा सूरच हवा होता. हळदीच्या डीजेसमोर तो कोणाला ऐकू जायचा?

नवा सेट तोच घेतलाय. बरोबर स्टेनलेसचे सॅडल-स्क्रूही मागवलेत. झिजलेल्या डोक्याचा तो एक अजून निघालेला नाही.