क्लाउडच्या लाईनची चाबी कोणाकडे? एडब्ल्यूएस, ॲझ्युअर आणि गूगलची तुलना

मागच्या सीझनला, ऐन डिसेंबरात, सकाळी साडेनऊला आमच्या तिन्ही खरेदी केंद्रांवर काटापट्ट्या निघणं बंद झालं. वडनेर, समुद्रपूर, पांढरकवडा, तिन्हीकडे एकदमच. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि हिंगणघाटच्या ऑफिसात आम्ही राउटर बंद-चालू करत बसलेलो. लाईट होती, फायबरही शाबूत होती. (जेसीबी निर्दोष निघण्याचा योग वर्षातून एखादेवेळीच येतो.) दोन तासांनी ठेकेदाराच्या पोट्ट्याचा फोन आला, "भाऊ, थे जुनं व्हीपीएन बिनकामाचं दिसलं, म्हून काढून टाकलं."

त्याला काय बोलणार? मालकाचं लॉगिन आम्हीच त्याच्या हाती दिलं होतं. व्हीपीएन म्हणजे केंद्राला क्लाउडशी, म्हणजे भाड्याच्या दूरच्या सर्व्हरशी, जोडणारी इंटरनेटवरची बंदिस्त वाट. काढलेलं व्हीपीएन पुन्हा बनवता येतं, पण जसंच्या तसं परत येत नाही. आमच्याकडे पत्ता बदलला, गुप्त शब्दही बदलला आणि प्रत्येक केंद्रावरच्या राउटरमध्ये सगळं नव्यानं भरावं लागलं. पांढरकवड्याला तर मोटरसायकलवर माणूस धाडला.

त्यानंतर मी तिन्ही मोठ्या क्लाउडची (ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युअर आणि गूगल) अधिकार-व्यवस्था बसून पाहिली. जिनिंग, पतसंस्था, शेतकरी कंपनी असं काही चालवत असाल आणि शाखा क्लाउडला जोडायच्या असतील, तर हे तुमच्यासाठी. भावांची तुलना इथे नाही, ते बदलत राहतात. कोण काय करू शकतो, एवढंच पाहिलंय.

मूळ कल्पना आपल्याला नवी नाही. जिनिंगमध्ये मापारी वजन करतो, भाव ग्रेडर ठरवतो, पैसे दिवाणजी देतो. मापारी बदलला तरी काट्यावरच्या माणसाला भाव ठरवता येत नाही, कारण अधिकार माणसाला नाही, कामाला जोडलेला असतो. क्लाउडवरच्या लाईनचीही तीनच कामं आहेत: जोडणी करणं, ती चालू आहे का ते बघणं, आणि हे अधिकार कोणाला द्यायचे ते ठरवणं. ही तीन कामं तीन हातांत ठेवणं किती सोपं पडतं, याच मापानं मी तिघांना जोखलं.

ॲझ्युअरपासून सुरू करतो, कारण आमची गाडी शेवटी तिथेच थांबली. तिथे 'नेटवर्क कॉन्ट्रिब्युटर' नावाची तयार भूमिका मिळते. ती ज्याला दिली तो व्हीपीएन, एक्सप्रेसरूट (ॲझ्युअरची खाजगी लाईन), राउटिंग सगळं हाताळू शकतो, पण दुसऱ्या कोणाला अधिकार वाटू शकत नाही. बघणाऱ्यासाठी 'रीडर' आहे. अधिकार सबस्क्रिप्शनवर (अख्ख्या खात्यावर) द्या, रिसोर्स ग्रुपवर (त्यातल्या एका गठ्ठ्यावर) द्या किंवा एकाच जोडणीवर. वरच्या पाटाला सोडलेलं पाणी खालच्या सगळ्या वावरांत जातं, म्हणून शक्य तितक्या खालच्या पाटालाच सोडावं.

पण मला पटली ती लॉकची सोय. जोडणीवर 'डिलीट' लॉक लावला की नेटवर्क कॉन्ट्रिब्युटरलाही ती काढता येत नाही, आणि तो लॉक उघडायचा अधिकार त्याच्या भूमिकेत नसतो. तो 'ओनर' किंवा 'युजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर' याच्याकडे असतो. आमच्या डिसेंबरच्या दुखण्यावर हे थेट औषध होतं. उणीव सांगतो: हा लॉक काढणं अडवतो, बदलणं अडवत नाही. गुप्त शब्द बदलून लाईन पाडणं तरीही शक्य आहे. शिवाय त्याच भूमिकेत सुरक्षेचे नियमही येतात. म्हणजे व्हीपीएन सांभाळायला ठेवलेला माणूस फायरवॉलचं, म्हणजे आत-बाहेरची वाहतूक अडवणाऱ्या भिंतीचं, दारही उघडू शकतो. ते वेगळं करायचं तर स्वतःची भूमिका लिहावी लागते.

एक्सप्रेसरूटची खाजगी लाईन घेतलीत तर अजून एक गोष्ट कामाची आहे. सर्किटचा, म्हणजे त्या लाईनचा, मालक दुसऱ्या सबस्क्रिप्शनला जोडणीपुरतं अधिकारपत्र देऊ शकतो. भावकीतल्या विहिरीसारखं समजा: विहीर एकाच्या सातबाऱ्यावर, पाण्याचा वाटा दुसऱ्याचा इतर हक्कात. वाटेकरी पाणी घेईल, पण मोटर बदलू शकणार नाही. विहिरीत आणि यात फरक एवढाच की इथे मालक वाटा एका क्लिकवर रद्द करू शकतो आणि कोर्टात जावं लागत नाही. जिनिंग आणि पतसंस्था एकाच घरच्या मंडळींची पण हिशेब वेगळे, अशा ठिकाणी हे बरोबर बसतं.

एडब्ल्यूएसचा बारकावा तिघांत सगळ्यात जास्त, आणि डोकेदुखीही. तिथे अधिकार एकेका कृतीवर लिहिता येतात: हा माणूस व्हीपीएन बनवेल, पण काढणार नाही. स्पष्ट नकार लिहिला की इतर कुठल्याही परवानगीपेक्षा तोच वरचढ ठरतो. ॲझ्युअरमध्ये असा नकार आपल्या मर्जीनं सरळ लिहिता येत नाही, म्हणून तिथे लॉकचा आधार घ्यावा लागतो. एकाहून जास्त खाती असतील तर वरून असा नियम लावता येतो की सदस्य खात्याचा रूट (सर्वोच्च लॉगिन) वापरणाराही त्यात अडकतो. मुख्य खात्याला मात्र तो लागू होत नाही.

अडचण ही की खाजगी लाईन आणि व्हीपीएन यांचे अधिकार वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. खाजगी लाईनीचा, म्हणजे डायरेक्ट कनेक्टचा, कप्पा स्वतंत्र आहे, व्हीपीएन ईसीटू या सर्व्हरच्या कप्प्याखाली येतं. डायरेक्ट कनेक्टची तयार पॉलिसी (अधिकारांची यादी) पोट्ट्याला दिली तरी व्हीपीएनचं काम त्याला जमत नाही. तो फोन करतो, आपण वजनकाट्यावर असतो आणि वैतागून त्याला पूर्ण ॲडमिन करून मोकळे होतो. मग सगळा बारकावा पाण्यात. जेसन (पॉलिसी ज्या संगणकी मांडणीत लिहितात ती) लिहिणारा, वाचणारा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणारा माणूस पदरी नसेल, तर एडब्ल्यूएसची ही ताकद तुमच्या कामाची नाही.

गूगलनं एक दुखणं जन्मतःच सोडवलंय: 'कॉम्प्युट नेटवर्क ॲडमिन' जोडण्या हाताळतो, पण फायरवॉलचे नियम त्याला फक्त वाचता येतात. ते बदलणारा 'कॉम्प्युट सिक्युरिटी ॲडमिन' वेगळा. पतसंस्थेच्या ऑडिटरला हे लगेच पटेल. पण नेटवर्क ॲडमिनला काढायचाही अधिकार असतो, त्यामुळे आमचा डिसेंबर गूगलच्या तयार भूमिकेनं टळला नसता. त्यासाठी वेगळी भूमिका किंवा नकाराची पॉलिसी करावी लागते. 'ओनर', 'एडिटर' या जुन्या ढोबळ भूमिका कोणी सुचवल्या तर सरळ नाही म्हणा.

ठेकेदाराला मुदतीचा अधिकार देण्यात गूगल सोपं आहे. परवानगीलाच अट जोडता येते, अमुक तारखेला संपेल. राउटर बदलायचेत, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत अधिकार द्या, पुढे तो आपोआप जातो. एडब्ल्यूएसमध्येही पॉलिसीत तारखेची अट लिहिता येते, म्हणजे परत जेसन. ॲझ्युअरमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे, पण तिला एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन-सेवेचं वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. छोट्या संस्थेनं तो खर्च करू नये. कॅलेंडरमध्ये तारीख टाकून हातानं अधिकार काढावा.

लाईन टाकणाऱ्या कंपनीनं लॉगिन मागितलं तर देऊ नका. तिघांकडेही त्याची गरज पडत नाही. ॲझ्युअरमध्ये तुम्ही सर्किट बनवून त्याची सर्व्हिस की (ओळख-क्रमांक) देता. गूगलच्या पार्टनर इंटरकनेक्टमध्ये (दुसऱ्या कंपनीमार्फतची खाजगी लाईन) पेअरिंग की देता. एडब्ल्यूएसमध्ये पार्टनर जोडणी बनवून पाठवतो आणि ती तुम्ही तुमच्या खात्यातून स्वीकारता. ॲझ्युअरमध्ये सर्व्हिस की निघाल्यापासूनच बिलाचं मीटर सुरू होतं, त्यामुळे लाईनवाल्याची तारीख पक्की झाल्याशिवाय सर्किट बनवू नका.

कोणी काय केलं याच्या नोंदी एडब्ल्यूएस आणि ॲझ्युअर आपणहून ९० दिवस दाखवतात, गूगल प्रशासकीय बदलांच्या ४०० दिवस. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस, त्याही भारतात ठेवायच्या आहेत. म्हणजे पहिल्या दोघांत त्या वेगळ्या साठवणुकीत पाठवायची व्यवस्था करावीच लागते. गूगलचा दिवसांचा प्रश्न सुटतो, पण नोंदींची जागा मुळात 'ग्लोबल' असते, तेव्हा भारतातली जागा निवडण्याचं काम तिथेही आहेच.

अंतराचा फार विचार करू नका. डेटा सेंटर्स अशी आहेत: एडब्ल्यूएस मुंबई आणि हैदराबादेत, ॲझ्युअर पुणे, मुंबई आणि चेन्नईत, गूगल मुंबई आणि दिल्लीत. हिंगणघाट हैदराबादच्या हायवेवर आहे म्हणून फायबरही त्याच रस्त्यानं जाईल असं नसतं.

माझा कौल असा. ऑफिसचा मेल आधीच मायक्रोसॉफ्टवर असेल आणि गावात कोड लिहिणारं कोणी नसेल, तर ॲझ्युअर. पैशांचा व्यवहार असेल, ऑडिटर कडक असेल आणि नेटवर्क व फायरवॉल दोन वेगळ्या माणसांकडे द्यायची खरीच तयारी असेल, तर गूगल. एकच माणूस दोन्ही भूमिका घेऊन बसणार असेल तर त्या फरकाचा फायदा शून्य. नागपुरात पगारी क्लाउड इंजिनियर ठेवणं परवडत असेल तर एडब्ल्यूएस.

आमच्याकडे आता दोनच ओनर खाती आहेत. एकाची सुरक्षा-चाबी दिवाणजींच्या तिजोरीत चेकबुकांखाली, दुसऱ्याची वर्ध्याला भागीदाराच्या घरी. पोट्टा तोच आहे, कामाला चांगला आहे. यंदा जानेवारीत त्यानं पुन्हा एक "बिनकामाचं" व्हीपीएन काढायला घेतलं. लॉकनं अडवलं, आणि या वेळी फोन आधी आला, "भाऊ, हे कोणाचं हाय?" ते समुद्रपूरचं होतं.