चढावर दमणारा ट्रक आणि १४८ एचपीचा कागद

माझ्याकडे टोयोटाचा जुना छोटा ट्रक आहे, मागे उघडा हौदा असलेला, २२आर इंजिनाचा. चार सिलिंडर, २३६६ सीसी, लोखंडी ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, त्यात दर सिलिंडरला दोन वॉल्व्ह, आणि हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर. कंपनीतून निघताना ताकद शंभर एचपीच्या आतबाहेर. हे इंजिन पळण्यासाठी नाही, ओढण्यासाठी आहे. त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २८०० आरपीएमच्या आसपासच सर्वांत जास्त असतो. आज हे मला पाठ आहे. फसवलो गेलो तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि जुन्या गाडीवर जीव असलेल्या दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

तक्रार साधी होती. हौद्यात माल भरला की चढावर चौथा गिअर टिकेना, पिकअप गेला होता आणि अ‍ॅव्हरेजही पडलं होतं. पूर्वी असं नव्हतं. मधल्या काळात एकच मोठा बदल झाला होता आणि तो मीच केला होता: मूळचे साधारण २८ इंची टायर काढून ३१ इंची घातले होते. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या लक्षातच आला नाही.

ज्याच्याकडे गाडी नेली त्याच्या मात्र तो लक्षात आला असणार, असं मला आता ठामपणे वाटतं. तो जुन्या इंजिनांची ताकद वाढवून देतो, असं ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने गाडीभोवती फेरी मारली, पुढच्या टायरवर थाप मारली, "टायर झकास घातलेत" म्हणाला, आणि मग बॉनेट उघडलं. टायरांचा विषय तिथेच संपला.

"इंजिनात दमच उरला नाही. बघा, तुमच्यासमोर मोजतो," असं म्हणून त्याने सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. चारही सिलिंडर ११५ ते १२० पीएसआय. मी घाबरलो. काम झाल्यावर त्याच गेजवर त्याने १७० च्या वरचे आकडे दाखवले आणि मी खूश झालो. यातली मेख नंतर कळली. कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले हवेत आणि थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) पूर्ण उघडा हवा. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच शिरत नाही आणि चांगल्या इंजिनाचाही आकडा खाली येतो. पहिल्या वेळी इंजिन गार होतं आणि अ‍ॅक्सिलरेटरवर कुणाचा पाय नव्हता. दुसऱ्या वेळी इंजिन गरम होतं आणि त्याने मुद्दाम मला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला लावलं. मी स्वतः त्या खोटेपणात हातभार लावत होतो आणि मला पत्ता नव्हता.

त्याने सांगितलेलं काम असं: हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं), हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं, वॉल्व्ह उघडणारा नवा 'परफॉर्मन्स' कॅमशाफ्ट, वेबर कंपनीचा मोठा कार्ब्युरेटर, एक्झॉस्टला हेडर (मोकळ्या नळ्यांचा संच), आणि कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनचा मजबूत किट. ईजीआर (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी जोडणी) काढून टाकायचं, कारण "ते इंजिनाचा गळा दाबतं". खर्च ऐकून मी दोन दिवस विचार केला. मग हो म्हटलं. साठवलेले पैसे होते ते सगळे त्यात गेले.

गाडी परत मिळाली तेव्हा आवाज दणदणीत होता. पहिले काही दिवस मला खरंच वाटलं की ती जोरात पळते. कान माणसाला फसवतात. एक्झॉस्टचा आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो, म्हणून आवाजावरून काही ठरवू नका. घड्याळ लावून, तोच चढ, तेवढाच माल, तोच गिअर असं मोजाल तरच खरं कळतं. मी मोजलं ते तीन आठवड्यांनी. पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत होता. कमी आरपीएमवर पाय दाबला की इंजिन क्षणभर गुदमरायचं, आणि अर्ध्या थ्रॉटलवर चढताना पत्र्यावर खडे पडावेत तसं नॉकिंग (जळण अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू यायचं.

मी परत गेलो. "इंजिन सेट व्हायला वेळ लागतो," म्हणाला, आणि डायनोचा, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात ठेवला. चाकांवर १४८ एचपी.

तो कागद मी हेडचं काम करणाऱ्या एका वयस्क काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, एचपी आणि टॉर्कच्या रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, "अहो, हे ४६०० वर कसं काय?" एचपी म्हणजे पाउंड-फुटातला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. म्हणून ५२५२ आरपीएमला दोन्ही आकडे सारखेच येतात. एकाच मापपट्टीवर काढलेल्या रेषा तिथेच छेदणार, इंजिन कुठलंही असो. त्या कागदावर मापपट्टी एकच होती. म्हणजे रेषा मोजलेल्या नव्हत्या, काढलेल्या होत्या. शिवाय त्यावर गाडीची ओळख नव्हती, हवेचं तापमान नव्हतं, दाब नव्हता, हवामानासाठी कुठलं करेक्शन वापरलं तेही नव्हतं, आणि कामाआधीची चाचणी तर झालीच नव्हती. इंजिनाचा आकडा शंभर असेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधून चाकांपर्यंत तो आणखी कमी होऊन पोचतो. चाकांवर १४८ म्हणजे जवळपास दुसरं इंजिनच बसवायला हवं होतं. हे साधं गणित मला आधी करता आलं असतं, याचं आजही फार वाईट वाटतं.

काकांनी हेड उतरवलं. पोर्टच्या तोंडाशी पॉलिश चमकत होतं. त्यांनी माझी करंगळी आत घालायला लावली: दोन पेरांवर गुळगुळीतपणा संपला आणि ओतकामाचा मूळ खडबडीतपणा लागला. जिथे नजर पोचते तेवढंच घासलं होतं. खरं काम वॉल्व्हच्या सीटजवळच्या वळणावर असतं, तिथे हात लागलेलाच नव्हता. कॅमशाफ्टला डायल गेज लावून आम्ही लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) उचल मोजली आणि शेजारी पडलेल्या तशाच इंजिनाच्या मूळ कॅमची मोजली. फरक शून्य. बिलात नवा कॅम, गाडीत जुनाच, फक्त पुसून बसवलेला.

हेड मात्र खरंच घासलं होतं, जवळजवळ एक मिलिमीटर. तो खरं बोलला त्या एका बाबतीतही नुकसान माझंच झालं. या इंजिनात कॅम हेडवर असतो आणि चेनने फिरतो. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेनला ढील मिळते आणि कॅमचं टायमिंग मागे पडतं. ते दुरुस्त करायला अ‍ॅडजस्ट होणारं स्प्रॉकेट तरी लावायचं. त्याने काहीच केलं नव्हतं. टायमिंग मागे पडलं की आधी जातो तो खालच्या आरपीएमचा जोर, म्हणजे माल ओढताना लागतो नेमका तोच. वर कॉम्प्रेशन वाढवून ईजीआर काढलेलं. ईजीआर पूर्ण थ्रॉटलवर उघडत नाही, त्यामुळे ते काढून कमाल ताकद वाढत नाही. ते अर्ध्यामुर्ध्या थ्रॉटलवर थोडा जळका वायू परत आत सोडून जळणाचं तापमान खाली ठेवतं. माझं नॉकिंग तिथूनच येत होतं.

कार्ब्युरेटर ३८/३८ जातीचा होता, दोन्ही नळ्या एकदम उघडणारा. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा घेतं. २३६६ सीसीला ५००० आरपीएमवर मिनिटाला ५९०० लिटर, आणि ऐंशी टक्केच भरतं असं धरलं तर ४७०० लिटर. एवढ्यासाठी ३२/३६ पुष्कळ झाला. त्यात आधी ३२ मिलिमीटरची नळी उघडते, पाय आणखी दाबला तर ३६ ची. मोठ्या नळीतून कमी आरपीएमवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फुटत नाही, म्हणून ते गुदमरणं. बरं, तो वेबरही नव्हता. नावाचा ठसा होता, पण नक्कल होती. थ्रॉटलचा दांडा हाताने हलत होता.

सगळ्यात राग आला तो चेनचा. या इंजिनाच्या नंतरच्या आवृत्तीत एकेरी चेन आणि तिला जागेवर धरणारे, प्लॅस्टिकचा मुलामा असलेले गाइड आहेत. गाइड तुटला की चेन अ‍ॅल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरवर घासते, कव्हरला भोक पाडते आणि कूलंट तेलात उतरतं. हे माहीत असलेला माणूस म्हणूनच दुपदरी चेन आणि लोखंडी गाइडांचे पैसे घेतो. माझ्या कव्हरमागे जुनाच गाइड होता, तडा गेलेला. ढिली चेन त्याच्यावर आपटत होती आणि कव्हरला खाच पडायला सुरुवात झाली होती. आणखी काही हजार किलोमीटर, आणि इंजिनच गेलं असतं.

जाब विचारायला गेलो तेव्हा त्याने बिल पुढे केलं. त्यावर फक्त "इंजिनचं काम, पार्टसह" एवढंच लिहिलेलं. कॅमचा नंबर नाही, किटचं नाव नाही, काढलेले जुने पार्ट मला दिलेले नाहीत, आणि मी मागितलेही नव्हते. "हेड दुसऱ्याने उघडलंय, आता जबाबदारी माझी नाही," हे त्याचं शेवटचं वाक्य. म्हणून शंका आली तरी लगेच उघडू नका. आधी फोटो काढा, लेखी तक्रार द्या, शक्य असेल तर त्याच्यासमोरच उघडून घ्या. काम देतानाच बिलात प्रत्येक पार्टचा नंबर आणि जुने पार्ट परत मिळतील ही अट लिहून घ्या. जो माणूस यावर कुरकुर करतो त्याच्याकडून गाडी परत आणा, कितीही नाव ऐकलेलं असो.

आता त्या टायरांचं. काकांनी माझ्या डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेरीसाठी गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती फिरतो ते) पाहिला: ४.१०. टायर २८ वरून ३१ झाले की तो प्रत्यक्षात ३.७० असल्यासारखा वागतो. मी इंजिनावर दहा टक्के जास्त भार टाकून त्यालाच दोष देत होतो. अ‍ॅव्हरेजचं रहस्यही अर्धं तिथेच सुटलं: मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर जातो, मीटर कमी किलोमीटर दाखवतो. शंभर धावलो की नव्वद दिसत होते.

४.५६ चे क्राउन-पिनियन बसवले, म्हणजे हिशेबाने पुन्हा ४.१२. मूळ कार्ब्युरेटर साफ करून लावला, ईजीआर परत जोडलं, घासलेल्या हेडऐवजी दुसरं धड हेड मिळवलं, चेन आणि गाइड खरोखरचे बदलले, टॅपेटची, म्हणजे वॉल्व्हची, फट गरम इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर ठेवली. हेडर तसाच आहे, तो एक पार्ट बरा निघाला. त्या चढावर आता चौथा टिकतो.

यापुढे काही करायचं झालंच तर ३२/३६ घेईन, खात्रीच्या ठिकाणाहून, आणि खालच्या आरपीएमला जोर देणारा सौम्य कॅम. काका म्हणतात, कॅम बदलला तर रॉकरही (कॅमने ढकलल्यावर वॉल्व्ह दाबणारे दांडे) नवे किंवा घासून सरळ केलेले हवेत, नाहीतर जुन्या रॉकरची झिजलेली टाच नवा लोब खाऊन टाकते. त्यातून आठ-दहा एचपी वाढले तरी मला पुरे आहेत. घाई नाही. आधी गाडी डायनोवर नेऊन आजचा आकडा काढून घेणार आहे, आणि रेषा कुठे छेदतात तेही बघणार आहे.