कारच्या सीटवर बसावे, की व्हीलचेअरसह व्हॅनमध्ये चढावे?

घरात व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असली आणि गाडी घेण्याचे ठरले, की सोलापुरात बहुधा दोन पर्याय पुढे येतात. पहिला म्हणजे साधी कार घेणे, व्यक्तीला पुढच्या सीटवर बसवणे आणि खुर्ची घडी करून डिकीत ठेवणे. दुसरा म्हणजे ईकोसारख्या व्हॅनला मागून रॅम्प लावून खुर्चीसकट आत नेणे. चर्चा किंमत आणि सोय यांभोवती फिरते; धडक झाली तर काय होईल, हा प्रश्न क्वचितच कोणी काढतो. त्या प्रश्नापुरते बोलायचे तर ज्यांना फारसा त्रास न होता सीटवर सरकता येते, त्यांनी कारच्या सीटवरच बसावे. कारची सीट, पट्टा, हेडरेस्ट आणि एअरबॅग एकमेकांना धरून बनवलेले असतात, तर आपल्याकडे सर्रास मिळणारी घडीची खुर्ची अपघाताचा झटका सोसण्यासाठी बनवलेलीच नसते.

कार निवडताना सीटची जमिनीपासूनची उंची मोजावी. व्हीलचेअरची बैठक साधारण ५० सेंमीवर असते. कारची सीट तिच्या जितकी जवळपास, तितके सरकणे सोपे. म्हणूनच दिमाखदार उंच एसयूव्हीपेक्षा साधी हॅचबॅक पुष्कळांना सोयीची पडते. काखेत हात घालून उचलण्याची आपली सवय मात्र सोडावी, कारण तिने बसणाऱ्याचा खांदा आणि उचलणाऱ्याची कंबर दोन्ही दुखावतात. त्याऐवजी गुळगुळीत ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये टेकवून वरून सरकण्याची फळी, वापरावा. मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे कमरेखाली संवेदना नसतील, तर एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात तापलेल्या सीटचा किंवा बकलाचा चटका कळतही नाही आणि कातडी भाजते. बसण्यापूर्वी घरच्या कोणीतरी हात लावून पाहणे एवढाच त्यावर उपाय. घडी केलेली खुर्चीही बांधूनच ठेवावी. जोरदार धडकेत, म्हणजे गुरुत्वाच्या वीसपट झटक्यात, १८ किलोची मोकळी खुर्ची क्षणभर ३६० किलोच्या जोराने पुढे येते.

ज्यांना सरकणे शक्य नाही, ज्यांची पाठ आणि मान खुर्चीच्याच आधाराने सावरते किंवा ज्यांची खुर्ची जड आणि विजेवर चालणारी आहे, त्यांना व्हॅनच घ्यावी लागते. तेथे सर्वांत मोठा गैरसमज असा, की रॅम्प बसवला म्हणजे गाडी तयार झाली. रॅम्प चढण्या-उतरण्यापुरता असतो. धडकेत जीव वाचवतात ते पट्टे. खुर्चीला चार पट्टे लागतात, दोन पुढून आणि दोन मागून, आणि ते खुर्चीच्या वेल्ड केलेल्या मुख्य सांगाड्यालाच अडकवायचे. चाक, हातटेकू किंवा निघणारी पायटेकू यांना मुळीच नाही. बसणाऱ्याला त्याशिवाय कारसारखा कमरेचा आणि खांद्याचा वेगळा पट्टा हवा. खुर्चीचा स्वतःचा कमरपट्टा केवळ नीट बसण्यासाठी असतो. या पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२ हे मानक आहे आणि त्यांची चाचणी ताशी सुमारे ४८ किमी वेगाच्या समोरासमोरच्या धडकेची असते. खुर्चीचे तोंड पुढेच असावे. क्रूझरसारख्या गाडीत जागा जुळते म्हणून ती आडवी लावली जाते, ते फार धोक्याचे आहे.

पट्ट्यांचे हूक नुसत्या पत्र्याला नटबोल्टने लावून देणारे गॅरेजवाले भेटतात. झटक्यात तो पत्रा फाटू शकतो. हूक चेसिसला किंवा खालून जाड पट्टी देऊन बसवलेले असावेत. दाराच्या आणि छताच्या उंचीचाही हिशेब करावा: खुर्चीत बसलेल्या प्रौढाला डोक्यापर्यंत १३५ ते १४० सेंमी लागतात. गाडीचा तळ जमिनीपासून ६० सेंमीवर असेल, तर एकास बारा या सुरक्षित उताराला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागेल, आणि तो गल्लीत मावणार नाही. प्रत्यक्षात रॅम्प तीव्रच असतो, म्हणून ढकलायला दणकट माणूस आणि मागून आधार हवाच. सीएनजीची टाकी मागे असलेली गाडी मागच्या रॅम्पसाठी टाळावी. गाडीत फेरबदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

अक्कलकोट किंवा तुळजापूरची फेरी दोन्ही गाड्यांत होते. पुण्याच्या सुमारे २५० किमीच्या प्रवासात मात्र कारमध्ये वारंवार थांबून अंगावरचा भार बदलावा लागतो, नाहीतर बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने पडणाऱ्या जखमा, होऊ शकतात. ज्यांची खुर्ची कलती होते, त्यांना व्हॅनमध्ये हे काम सोपे जाते. रिक्षा दवाखान्यापुरती ठीक, पण तिच्यात पट्टा नसतो. वर्षातून चार-सहाच मोठे प्रवास असतील, तर व्हॅन विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे बरे. फक्त आगाऊ रक्कम देण्याआधी तळातल्या चारही हुकांचे आणि खांद्याच्या पट्ट्याचे फोटो मागवावेत, आणि फोटोऐवजी ‘काळजी करू नका’ एवढेच उत्तर आले, तर दुसरी गाडी शोधावी.