बास माशासाठी दुसरं रील घेताना: स्पिनिंग की बेटकास्टर?

गळाने मासे पकडायचं पहिलं रील (रॉडवरची लाइन, म्हणजे दोरी, गुंडाळायची चरखी) स्पिनिंगच घ्या, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. खरा प्रश्न दुसऱ्या रीलच्या वेळी पडतो. मी दोन्ही वापरतो, पण हात आपसूक बेटकास्टरकडे जातो. कारण एकच, लाइनला चढणारा पीळ.

स्पिनिंगचं स्पूल (लाइनची फिरकी) गुंडाळताना फिरत नाही, लाइन त्याच्याभोवती फिरते; बेटकास्टरचं स्पूल स्वतःच फिरतं. मोठा बास ओढायला लागला, ड्रॅग (मासा जोराने ओढू लागला की लाइन सुटू देणारी पकड) सुटतोय आणि आपण घाईत हँडल मारतच राहिलो, तर लाइन तसूभरही आत येत नाही, फक्त पीळ चढतो. गिअर ६:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला ६ पीळ. त्या वेळी दिसत काहीच नाही. पुढे कधीतरी, ऐन संध्याकाळी मासे वर येऊन पाणी फोडत असताना, स्पूलच्या काठावरून एक फास उठतो, मागचे वेढे सोबत घेतो आणि रॉडच्या पहिल्या कडीत जाऊन बसतो. बारीक ब्रेड (विणलेली लाइन) असेल तर ती गाठ नखाने सुटत नाही, कापावीच लागते. उपाय आहे: ल्यूर (खोटं आमिष) काढून नुसती लाइन वाहत्या पाण्यात लांब सोडायची आणि चिमटीत धरून परत गुंडाळायची. पण तोवर मासे निघून गेलेले असतात.

गुंता बेटकास्टरवरही होतो, आणि चांगला होतो. पण तो चुकलेल्या फेकीलाच समोर येतो. स्पूल अंगठ्याने घट्ट दाबून हँडल एक-दोन फेरे फिरवायचं, मग लाइन हलकेच ओढायची. माझे बहुतेक गुंते एवढ्यावर सुटतात. ल्यूर बदललं की टेन्शन नॉब (स्पूल किती मोकळं फिरेल ते ठरवणारी गुंडी) पुन्हा लावायचा. स्पूल मोकळं करणारं बटण दाबल्यावर ल्यूर सावकाश उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. वारा समोरून असेल तर फेकताना स्पूल आवरणारा ब्रेक थोडा वाढवायचा.

देखभालीला स्पिनिंग सोपं, हे मान्य. लाइन रोलरला (लाइन ज्यावरून वळून स्पूलवर जाते ती चकती) तेलाचा थेंब मात्र विसरू नका, रोलर अडकला की पीळ आणखी वाढतो. बेटकास्टरमध्ये लाइन इकडून तिकडे नेणाऱ्या आट्यांच्या दांड्यात वाळू, शेवाळ साचतं. ते जुन्या टूथब्रशने काढावं लागतं. स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब. तिथे ग्रीस लावलं की फेक आखूड होते. दोन्ही रीलवर जोराची धार मारू नका, कचरा आत जातो. ठेवताना ड्रॅग सैल करा.

पाच-सात ग्रॅमच्या आतली ल्यूर, मऊ रबरी अळ्या, मोकळं पाणी, असं तुमचं काम असेल तर स्पिनिंगवरच राहा आणि बेल (लाइन अडवणारी तारेची कडी) हातानेच बंद करा. गवतात, बुडालेल्या झाडांत जड जिग (वजनदार डोक्याचा गळ) टाकत असाल तर मी बेटकास्टर घ्या म्हणेन. फक्त घेण्याआधी ते रॉडवर चढवून हातात धरा, अंगठा स्पूलवर ताण न देता पोचतो का ते बघा.