गाठीचं नेमकं नाव शोधून देणारी रावपुऱ्यातली लॅब : चार स्टार

बडोद्यात रावपुऱ्यातल्या या लॅबला चार स्टार. पाचवा निम्मा पार्किंगने खाल्ला, निम्मा काउंटरवरच्या मुलाने; मान वर न करता 'केस नंबर बोलो' म्हणतो. रक्त-लघवी तपासायची असेल तर इथे धडपडत यायची गरज नाही, घराजवळची कुठलीही लॅब चालेल. पण बायोप्सीचा रिपोर्ट मोघम आला असेल, तर ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घ्या आणि सरळ इथे या.

आमच्या भाऊजींच्या जठरातली गाठ काढली, सहा सेंटिमीटरची. पहिल्या ठिकाणी 'लियोमायोमा', म्हणजे स्नायूची साधी गाठ, असं एका ओळीत लिहून मोकळे झाले. एकही मार्कर, म्हणजे पेशी कुठल्या जातीच्या ते ओळखायचा खास रंग, लावला नव्हता. सर्जनना ते पटेना. जठरात लांबट, चातीसारख्या पेशी दिसल्या की आधी जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतली, कॅन्सरसारखी वागू शकणारी वेगळी गाठ) आहे का ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात दोन्ही गाठी जवळपास सारख्या दिसू शकतात. १९९८ साली जपानी संशोधकांनी जिस्टमधला केआयटी जनुकाचा बिघाड दाखवला. त्याआधी कितीतरी जिस्ट स्नायूच्या गाठी म्हणूनच नोंदल्या गेल्या. आज मार्कर हाताशी असताना तेच व्हावं, याचा राग येतो.

इथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला दोन जणांनी एकदम बघायच्या मायक्रोस्कोपला बसवलं. सीडी११७ या जिस्टच्या मार्करची स्लाइड : गाठ सगळी तपकिरी. जिस्टचाच दुसरा मार्कर डॉग१, तीही तशीच. मग डेस्मिनची, म्हणजे स्नायूच्या मार्करची. गाठ कोरी, पण त्याच काचेवर कडेला जठराच्या भिंतीचा स्नायू गडद तपकिरी. "म्हणजे रंग नीट चढलाय, गाठच घेत नाहीये," त्या म्हणाल्या. एस१०० कोरं, म्हणून मज्जातंतूच्या आवरणाची गाठही बाद. म्हणजे गाठ जिस्टच. माझ्यासारख्या कॉमर्सवालीला एवढं कळलं, याचे मार्क त्यांना.

रिपोर्ट दोन पानी. गाठ कुठली, केवढी, पाच चौरस मिलिमीटरमध्ये विभागणाऱ्या पेशी किती (दोन), आणि त्यावरून धोका : कमी. हेच आकडे लहान आतड्यातल्या गाठीचे असते तर धोका मध्यम धरला असता. म्हणजे जागा लिहिली नाही तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. जनुकाची तपासणी करून टाकायची का, असं मीच विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ता पैसे घालवू नका. इमॅटिनिब (जिस्टवरची गोळी) सुरू करायची वेळ आली तर बघू. गोळी लागणार नाही, सीटी स्कॅन मात्र ठराविक काळाने करत राहायचे, असं सर्जननीही सांगितलं.

वेळेच्या बाबतीत मात्र आनंद आहे. सांगितलेल्या तारखेला रिपोर्ट मिळाला नाही, फोन आपणच करायचा. मार्करचे पैसे प्रत्येकी वेगळे पडतात, ते आधीच विचारून घ्या.

ब्लॉक परत घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवल्याशिवाय सही करू नका. पुढे मुंबईला टाटामध्ये दाखवायची वेळ आली तर रिपोर्टच्या कागदाबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही लागतात. मे महिन्यात ब्लॉक स्कूटरच्या डिकीत टाकून मांडवीत खरेदी करत बसू नका, मेण मऊ पडतं. आणि मॅडमना भेटायचं असेल तर सकाळी जा, शनिवारी दुपारी त्या नसतात.